इतिवृत्त तू लिहू नकोस

चि. मुली,

परवा कॉलेज रोडवर कॉफी गार होईपर्यंत तू बोलत होतीस आणि मी गप्प. राग आला असेल. पण तुझ्या जागी मला मीच दिसत होते. प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून घेतलं, आणि वर्षभर कामं काय, तर बैठकीचं इतिवृत्त लिहायचं, सगळ्यांना कामांची आठवण करून द्यायची, फेब्रुवारी लागला की महिला दिनाची तयारी. आता पुण्याला ‘महिला उपक्रम प्रमुख’ करतायत आणि तू विचारतेस, “मावशी, जाऊ का?”

ते तुझं तू ठरव. मला एवढंच सांग, तुझ्या प्रॉडक्टमधल्या किती निर्णयांच्या कागदाखाली तुझं नाव आहे? काय बांधायचं, काय सोडायचं, का, हे मांडलेला कागद. इतिवृत्त नव्हे. त्यात दुसऱ्यांची वाक्यं असतात.

मी अकरा वर्षं ती वाक्यं उतरवली. कांद्याच्या हिशोबाचं अ‍ॅप करत होतो तेव्हा लासलगावच्या बाजार आवारात ट्रॉलीच्या सावलीला एक बाई वही घेऊन बसलेली. किती क्विंटल, काय भाव, हमाली-तोलाई किती कापली, सगळं तिच्या वहीत. पण पैसे जमा झाले का ते तिला अ‍ॅपवर दिसेना. ओटीपी जायचा नवऱ्याच्या नंबरवर, आणि तो फोन खिशात घेऊन नवरा लिलावात. खातं सातबाऱ्यावरच्या नावाचं, तेव्हा आमच्या लेखी ही बाई नव्हतीच.

परत येऊन मी खात्याला दुसरा नंबर जोडायची सोय सुचवली. तोंडी. चार महिन्यांनी सोय आली, चालली, आणि सादरीकरणात नाव दुसऱ्याचं. त्या बैठकीचं इतिवृत्त कुणी लिहिलं? मी. त्याचं अभिनंदनही मीच टाइप केलं.

म्हणून सांगते, कागदावर नाव घाल. चूक ठरेल अशा निर्णयाखालीसुद्धा घाल. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं. आई ट्रॉलीत बसून गेली होती. पुढं त्याच संघटनेनं लक्ष्मीमुक्ती काढली, बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची. आमच्या सातबाऱ्यावर आईचं नाव चढलं ते वडील गेल्यावर, वारस म्हणून. राबणं तिचं चाळीस वर्षांचं.

आता तू म्हणशील, मग बायकांसाठी बोलायचंच नाही का? असं कोण म्हणतंय! मी सहा वर्षं महिला मंच चालवला. पगारवाढीच्या फॉर्मात त्याला रकाना नव्हता, ते जाऊ दे. २०१७ मध्ये कायद्यानं प्रसूती रजा १२ आठवड्यांची २६ झाली, आम्ही केक कापला. रजेवरून आलेल्या मुलींना त्यांचं प्रॉडक्ट परत मिळतं का, हे मी एकदाही विचारलं नाही. त्याची अजून लाज वाटते. तो दुसरा नंबर जेवढा बायकांच्या कामी आला, तेवढं माझं एकही भाषण आलं नाही. पुण्याला गेलीसच तर आधी विचार, तिथं कुठल्या निर्णयावर सही तुझी असेल? उत्तरात नुसते कार्यक्रम आले तर समजून जा.

पुढं मी अडून बसायला लागले. माझ्या नावाची टिपणी गेल्याशिवाय काम सुरू करू देईना. भांडखोर म्हणाले. बढती एकदा हुकली, ती त्यामुळंच, असं मी सगळ्यांना सांगते. नाशिकला परत आले तर म्हणाले, दमली. दमले नव्हते. बरं, थोडी दमले होते. पण नाव घालायचं सोडलं नाही, आणि त्या बढतीपायी सोडायला हवं होतं असं मला आजही वाटत नाही.

शुक्रवारी लासलगावला जायचंय. सकाळी साडेसातला द्वारका चौकात उभी राहा, लिलाव सुरू व्हायच्या आत पोचू. लॅपटॉप नको, वही आण. तिथं जे दिसेल त्यावर एक पानाची टिपणी रविवारपर्यंत मला पाठव. खाली नाव नसेल तर मी वाचणार नाही.

तुझी,
मावशी