जावा स्विंग: चेंडू सरकताना पॅनेलवर जुन्या चित्राचे ठसे का राहतात?

स्विंगमध्ये (जावाची खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी) चेंडू सरकवताना त्याचे जुने ठसे राहतात आणि पॅनेलच्या कोपऱ्यात दुसरीकडचं बटणही उमटतं, असा तुमचा प्रश्न आहे. तुमच्या पेंटकंपोनंट मेथडमध्ये (पॅनेलचं चित्र काढणारा कोड) पहिलीच ओळ सुपर.पेंटकंपोनंट(जी) अशी लिहा. चेंडूमागे राहणारे ठसे आणि पॅनेलच्या कोपऱ्यात उमटणारं भलत्याच बटणाचं चित्र, दोन्ही जातील. जेपॅनेल (स्विंगचं पॅनेल) मुळात अपारदर्शक असतं, म्हणजे आपल्या चौकटीतला प्रत्येक पिक्सेल आपणच रंगवू असं ते स्विंगला सांगून बसलेलं असतं. पार्श्वभूमी भरायचं काम त्या एका ओळीत होतं. ती गाळली, की सामाईक बफरमध्ये (पडद्यावर जाण्याआधी चित्र जिथे तयार होतं ती मेमरी) आधी जे रंगवलेलं होतं ते तसंच पडद्यावर उतरतं. म्हणून तर दुसरीकडचं बटण तुमच्या पॅनेलवर दिसतंय.

मात्र सेटबॅकग्राउंडला (पार्श्वभूमीचा रंग ठरवणारी मेथड) अर्धपारदर्शक रंग (अल्फा, म्हणजे रंगाच्या अपारदर्शकतेचा आकडा, २५५ पेक्षा कमी) दिला असेल, तर एवढ्याने भागणार नाही: जुन्या रंगावर नवा थर चढत जातो आणि पॅनेल दर वेळी गडद होतं. तिथे सेटओपेक(फॉल्स) करा, म्हणजे पॅनेल अपारदर्शक नाही असं स्विंगला सांगा, आणि सुपरच्या ओळीनंतर तो रंग फिलरेक्टने (आयत भरणारी मेथड) स्वतः भरा. तरीही अधूनमधून अर्धवट चित्र दिसलं, तर दुसऱ्या थ्रेडमधून (सोबत चालणारं प्रोग्रामचं वेगळं काम) घटक बदलताय का ते तपासा. ते बदल स्विंगच्या स्वतःच्या थ्रेडवरच व्हायला हवेत, उदाहरणार्थ स्विंगयुटिलिटीज.इन्व्होकलेटरमधून.