२०१४ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी जर्मनीने ब्राझीलमध्ये स्वतःचा तळ का उभारून घेतला?

मुख्य कारण हवामान. साखळीतले तिन्ही सामने साल्वादोर, फोर्तालेझा आणि रेसिफे इथे, म्हणजे ईशान्येच्या दमट उष्म्यात होते. त्यातले दोन तर दुपारी एकला. त्यामुळे बाइया राज्यातल्या सांतो आंद्रे या किनाऱ्यावरच्या छोट्या गावात ‘काम्पो बाइया’ हा तळ उभा राहिला. पैसा जर्मन खासगी गुंतवणूकदारांचा. स्पर्धेनंतर तिथे रिसॉर्ट चालवायचं हे आधीच ठरलेलं.

मला सगळ्यात भावली ती राहण्याची रचना. हॉटेलात प्रत्येक जण आपापल्या खोलीत बंद होतो. इथे खेळाडू गटागटाने एकेका घरात राहिले, आणि बायर्न, डॉर्टमुंड अशा एकमेकांच्या प्रतिस्पर्धी क्लबांतले मुद्दाम एकत्र ठेवले. गावात शिरायला नदी ओलांडावी लागे, त्यामुळे संघाची बससुद्धा फेरीबोटीवर चढायची.

नुसत्या तळामुळे कुणी विश्वचषक जिंकत नाही, प्रशिक्षक ल्योवच्या त्या संघाची तयारी वर्षानुवर्षांची होती. पण महिनाभर एकत्र राहून माणसं एकमेकांना कंटाळली नाहीत, याचं बरंचसं श्रेय मी त्या घरांना देईन. उपांत्य फेरीत ब्राझीलवर ७-१ आणि अंतिम सामन्यात ११३ व्या मिनिटाला ग्योट्झेचा गोल, हे तर सगळ्यांनी पाहिलंच.