गणित शंका-समाधान : त्रिकोणमितीय फलांचे विकलन

प्रश्न : साइन क्षचा विकलज (बदलाचा दर) कॉस क्ष, हे पडताळण्यासाठी मी कॅल्क्युलेटरवर साइन ६०.०१ मधून साइन ६० वजा केला आणि ०.०१ने भागले. कॉस ६० म्हणजे ०.५ यायला हवे होते, पण आले ०.००८७२५. चूक सूत्राची की कॅल्क्युलेटरची?

उत्तर : दोघांचीही नाही. सूत्र रेडियनचे आहे आणि तुमचा कॅल्क्युलेटर अंशांवर होता. १ अंश म्हणजे पाय/१८०, सुमारे ०.०१७४५३ रेडियन. ०.५ला याने गुणले की ०.००८७२७ मिळतात. शेवटच्या अंकात जो किंचित फरक दिसतो, तो ०.०१ ही वाढ शून्य नसल्यामुळे पडला आहे.

रेडियनचाच आग्रह का, हे सूत्र मांडताना कळते, म्हणून ते एकदा स्वतः मांडाच. क्षमधली लहान वाढ ह धरा. साइन (क्ष + ह) = साइन क्ष कॉस ह + कॉस क्ष साइन ह. यातून साइन क्ष वजा करून ह ने भागले की दोन पदे उरतात :

साइन क्ष × (कॉस ह − १)/ह + कॉस क्ष × (साइन ह)/ह

ह शून्याकडे गेला की (कॉस ह − १)/ह ची सीमा ०, आणि (साइन ह)/ह ची सीमा १. हा १ फक्त रेडियनमध्ये येतो. ह = ०.१ घेतला तर गुणोत्तर ०.९९८३३, ह = ०.०१ला ०.९९९९८३. अंशांत मात्र कोन कितीही लहान करा, गुणोत्तर ०.०१७४५३पाशीच थांबते. त्रिज्या १ असलेल्या वर्तुळात रेडियनमधला कोन म्हणजे वर्तुळकंसाची लांबीच, आणि साइन म्हणजे कंसाच्या टोकापासून टाकलेला लंब. कोन लहान होत गेला की लंब आणि कंस यांच्या लांबीत फरक उरत नाही. अंशांचे ३६० भाग माणसाने सोयीसाठी पाडले, त्यांचा या लांबीशी संबंध नाही.

कॅल्क्युलेटर कशावर आहे ते ओळखायला साइन ३० काढा. ०.५ आले तर अंश, −०.९८८ आले तर रेडियन. स्प्रेडशीटमधला साइन रेडियनच घेतो, तिथे अंश आधी बदलून द्यावे लागतात.

प्रश्न : कॉस, कॉट आणि कोसेकच्याच विकलजांना ऋण चिन्ह का? पाठ करताना गोंधळ होतो.

उत्तर : ही तिन्ही कोटिकोनाची (९० अंशांतून कोन वजा करून उरणाऱ्या कोनाची) फले आहेत. कॉस क्ष = साइन (पाय/२ − क्ष). आतल्या (पाय/२ − क्ष)चा विकलज −१, तेच ऋण चिन्ह बाहेर येते : −साइन क्ष. म्हणून तीनच सूत्रे लक्षात ठेवा : साइनचा कॉस, टॅनचा सेक स्क्वेअर, सेकचा सेक-टॅन. प्रत्येक फलाच्या जागी त्याचे जोडीदार फल (साइन-कॉस, टॅन-कॉट, सेक-कोसेक) घालून पुढे ऋण चिन्ह दिले की उरलेली तीन तयार. कॉटचा −कोसेक स्क्वेअर, कोसेकचा −कोसेक-कॉट.

टॅन भागाकाराच्या नियमाने काढताना चिन्ह एकाच ठिकाणी घसरते. वर कॉस × कॉस − साइन × (−साइन) येते. दोन ऋण मिळून धन होतात, म्हणूनच तिथे १ मिळतो. एक ऋण विसरलात तर कॉस २क्ष येईल आणि पुढचे सगळे बिघडेल.

प्रश्न : साइन स्क्वेअर ३क्ष चे माझे उत्तर २ साइन ३क्ष कॉस ३क्ष. गुण कापले गेले.

उत्तर : ३ राहिला. बाहेरून आत या : आधी वर्ग, मग साइन, मग ३क्ष. तीन थर, म्हणून तीन गुणक : २ साइन ३क्ष × कॉस ३क्ष × ३, म्हणजे ३ साइन ६क्ष. गुणक मोजा, थर मोजा. आकडे जुळलेच पाहिजेत. साइन (क्षचा वर्ग) हे वेगळे फल आहे. तिथे वर्ग आत आहे, म्हणून उत्तर २क्ष कॉस (क्षचा वर्ग).

प्रश्न : साइन क्ष/(१ + कॉस क्ष) चे माझे उत्तर १/(१ + कॉस क्ष), पुस्तकात अर्धा सेक स्क्वेअर (क्ष/२). कोणते खरे?

उत्तर : दोन्ही. १ + कॉस क्ष म्हणजे २ कॉस स्क्वेअर (क्ष/२). मूळ फल टॅन (क्ष/२) आहे हे आधीच ओळखले असते तर भागाकाराचा नियम लागलाच नसता. विकलनाआधी सोपे रूप शोधण्यात घातलेला वेळ बहुधा वसूल होतो. उत्तरे वेगळी दिसली की दोन्हींत एकच किंमत घालून पाहा. इथे क्ष = पाय/२ घातला तर दोन्हींकडे १ येतो. एका किमतीने सिद्धता होत नाही, पण किमती जुळल्या नाहीत तर चूक नक्की आहे. ०ची किंमत या कामाला टाळा. तिथे साइन आणि टॅन शून्य होतात आणि चुकीचे पद लपून राहते.