शपथेनंतरची पहिली पाळी

बिल्ला लागला, अभिनंदन. अमेरिकेत शपथ घेतलेला पोलीस अधिकारी आणि ठाण्यातला बाकीचा स्टाफ यांत मुख्य फरक अटकेच्या अधिकाराचा. डिस्पॅचरला, म्हणजे फोन घेऊन गाड्या पाठवणाऱ्याला, तुझ्यापेक्षा जास्त कळत असेल, पण बेड्या तूच घालणार.

नवी पोरं घोळ घालतात ती झडतीत. सुप्रीम कोर्टाच्या १९६८ च्या टेरी निकालाने रस्त्यात थांबवून चाचपायची मुभा दिली, पण ती शस्त्रापुरती. आणि समोरचा सशस्त्र असावा असं मानायला ठोस कारण हवं. वरून हात फिरवायचा, बस्स. खिशात मऊ पुडी लागली म्हणून ती दाबत, चोळत बसलास तर पुरावा बाद होतो आणि उलटतपासणीत वकील सोलून काढतो. मी सोलला गेलोय.

रिपोर्टमध्ये ‘संशयास्पद वाटला’ असं मोघम लिहू नकोस. दिसलं ते लिही: उजवा हात कमरेशी, शर्टाखाली फुगवटा.

मिरांडा हक्क, म्हणजे गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क, सिनेमातल्यासारखे बेड्या पडताच म्हणावेच लागतात असं नाही. माणूस ताब्यात असेल आणि चौकशी करायची असेल, तर आधी सांगायचे. आणि नुसता पळतोय म्हणून कुणावर गोळी झाडता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाच्याच १९८५ च्या गार्नर निकालापासून पक्कं आहे.

बॉडी कॅमेरा गाडीतून उतरण्याआधीच चालू कर.