यादवीच्या काळातली गरीब बाई कादंबरीत कशी उभी करावी?

तुम्ही विचारलंय की 1707 नंतरच्या सातारा-कोल्हापूर यादवीवर कादंबरी लिहिताय, नायिका पन्हाळ्याच्या परिसरातली गरीब कुणबी बाई आहे, तर तिला ताराराणींच्या फौजेत घालावी की वाड्यावर दासी म्हणून ठेवावी.

माझं मत विचाराल तर दोन्ही नको. तिला तिच्या गावातच राहू द्या. हातात तलवार दिली की ती वीरांगना होते, वाड्यात नेली की राजघराण्याच्या गोष्टीतली साक्षीदार होते. दोन्हीकडं तिचं स्वतःचं जगणं मागं पडतं. मी कोल्हापूरचा. इथं ताराराणींबद्दल मनापासून आदर आहे, मलाही आहे. पण त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. त्या बाईवर लिहिणारे तुम्हीच.

तिचा जन्म 1690 च्या सुमाराचा धरा. मग 1701 मध्ये औरंगजेबाच्या फौजेनं पन्हाळा घेतला तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची पोर असेल. लगोलग दख्खनेत दुष्काळ आणि रोगराई. औरंगजेब 1707 च्या सुरुवातीला वारला, शाहू मोगलांच्या कैदेतून सुटले, आणि लोकांना वाटलं असेल की आता संपलं एकदाचं. तेव्हा ती नुकती नांदायला लागलेली. आणि त्याच वर्षी शाहू आणि त्यांच्या काकू ताराराणी यांच्यात घरातलीच लढाई सुरू झाली. सातारा आणि कोल्हापूर ही दोन वेगळी राज्यं मान्य करणारा वारणेचा तह 1731 चा. म्हणजे तिची सगळी उमेदीची वर्षं यात गेली. हे वय डोक्यात पक्कं धरलंत तर कादंबरीला वेगळा सांगाडा शोधावा लागणार नाही.

यादवीचं खरं दुखणं खेडच्या लढाईत दिसतं. ऑक्टोबर 1707, भीमेचा काठ. ताराराणींनी पाठवलेल्या फौजेतले धनाजी जाधव शाहूंना जाऊन मिळाले. आता कल्पना करा, तुमच्या नायिकेचा नवरा धनाजींच्या एखाद्या पथकात बारगीर आहे. घोडं सरकारचं, पोट पगारावर. तो घरातून निघाला ताराराणींच्या बाजूनं. सरदार फिरला तसा तोही साताऱ्याचा झाला, त्याला कुणी विचारलंसुद्धा नसेल. इकडं गाव पन्हाळ्याच्या अंमलाखाली. पाटलाच्या दारात त्या बाईची मान वर होईल का? तिचा भाऊ पन्हाळ्याच्या शिबंदीत, म्हणजे गडाच्या पगारी शिपायांत असेल तर? मोगल परका होता, त्याला शिव्या घालता यायच्या. इथं दोन्हीकडची माणसं सारख्याच बोलीत पाणी मागणार आणि सारख्याच हक्कानं वसुली मागणार.

लढाया मोजक्या लिहा, पण वर्षाचा फेरा नीट लिहा. फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडायच्या, पावसाळ्यात छावणीला परतायच्या. आपल्या भागात भात, नाचणी काढणीला येते ती दसऱ्या-दिवाळीच्या पुढंच. म्हणजे घरात दाणा यायला आणि घोडी बाहेर पडायला एकच गाठ. दाणा पाटलाच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात दडवता येतो. गरिबाच्या घरी एखादी कणगी आणि उतरंड, ती काय लपणार? आणि दाण्यापेक्षा वैरणीकडं जास्त लक्ष द्या. शेकडो घोड्यांचा तळ पडला की गावची वैरण संपते. वैरण संपली की उन्हाळ्यात बैल बसतो. बैल बसला की मृगाला नांगर चालत नाही. मग पुढच्या वर्षीची उपासमार, त्या गावात एकही वार झालेला नसताना. शांततेचे महिने पावसाचे, आणि श्रावणात घरातलं धान्य सरलेलं. तेव्हा तांदळी, घोळ, कुर्डूची भाजी आणि पातळ आंबील. (चहा, बटाटा, शेंगदाण्याचं कूट तिच्या चुलीजवळ येऊ देऊ नका. उसाचे मैलोन् मैल मळेही नकोत, ते धरणांनंतरचे.)

फौज गरिबाच्या घरातून नेमकं काय नेते, हे शिवाजी महाराजांनीच चिपळूणच्या छावणीला लिहिलेल्या पत्रात आहे. दाणा-वैरण आधीच उधळलीत तर पावसाळ्यात कुणी कुणब्याचे दाणे आणील, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी लाकूडफाटा, कुणी भाजीपाला. मग रयतेला तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल, असा त्याचा आशय. एका पिढीआधीचं पत्र आहे, पण त्यातली एकेक वस्तू घ्या आणि तुमच्या बाईच्या घरातून ती जाताना दाखवा.

ती गडावर जाईल ती वेठीनं, डोक्यावर गवताचा भारा घेऊन. 1714 मध्ये पन्हाळ्यावर ताराराणींच्या सवत राजसबाई यांचे पुत्र संभाजी गादीवर आले, ताराराणी आणि त्यांचे पुत्र कैदेत पडले. हा प्रसंग तिच्या वाट्याला एवढाच येऊ द्या: दरवाजा बंद, भारा उतरवून घ्यायला कुणी नाही, दिवस बुडाला. पुढच्या वर्षी दसऱ्याला अंबाबाईची मूर्ती देवळात पुन्हा बसली. मोगली धामधुमीत ती लपवून ठेवलेली होती. हे मात्र सविस्तर लिहा. बालपणापासून जिचं नाव घेतलं ती देवी तिला या वयात पहिल्यांदा दिसते, आणि त्या गर्दीत तिला काय मागावंसं वाटतं, यावर एक अख्खं प्रकरण होईल.

नवरा परत आलाच नाही तर ती जन्मभर पांढऱ्या कपाळानं बसेल असं धरू नका. कुणब्यांत पाट, म्हणजे बाईचं दुसरं लग्न, लागायचा, आणि सरकार त्यावर पट्टीही घ्यायचं. पण नवरा मेला की नुसता बेपत्ता, हे ठरवणार कोण? आणि दुसरी भीती याहून काळी: दुष्काळात विकलेल्या, धामधुमीत धरून नेलेल्या बायका कुणबिणी, म्हणजे गुलाम दासी, म्हणून राबायच्या. तिला मुलगी असेल तर आईच्या मनातला हा धाक प्रत्येक पानामागं असायला हवा.

तहाशी कादंबरी थांबवू नका. वारणा सरहद्द झाली, म्हणजे पलीकडच्या काठावरचं तिचं माहेर आता दुसऱ्या राज्यात गेलं. शिवाजी विद्यापीठानं ताराराणींच्या काळातली कागदपत्रं छापली आहेत, ती वाचा. आज्ञा आणि इनामं भराभर चाळा, पण वतनाचे तंटे आणि परागंदा रयतेला परत बोलावणारे कौल (सरकारी अभयपत्रं) नीट वाचा. गाव का उठलं आणि कशावर भरवसा ठेवून परत आलं, हे तिथं कळेल. त्या परतणाऱ्यांमध्ये तुमची बाई शोधा.