झाकण हलवल्यावर स्क्रीन परत येत असेल, तर पॅनल मागवायची घाई करू नका

तुमची पोस्ट वाचली आणि माझा जुना लॅपटॉप डोळ्यांपुढे आला. तुमच्यासारखंच, झाकण एका कोनाच्या पुढे गेलं की स्क्रीन काळी, थोडं पुढे ओढलं की परत उजेड, बाहेरचा मॉनिटर जोडला की चित्र स्वच्छ. आणि दुकानदार म्हणतो, पॅनल (चित्र दाखवणारा स्क्रीनचा भाग) गेलं, बदला. पॅनल मागवून घरीच बसवू का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते अजून नाही. आणि बसवायची वेळ आलीच, तर खाली बॅटरीबद्दल लिहिलंय ते वाचल्याशिवाय आतल्या एकाही केबलला हात लावू नका.

आधीच सांगते, मी तंत्रज्ञ नाही. दोन लॅपटॉप उघडून, एक जवळजवळ गमावून जे कळलं तेवढंच लिहितेय. मॉडेलप्रमाणे फरक पडतो आणि वॉरंटी शिल्लक असेल तर काहीच उघडू नका.

काच तडकलीय किंवा शाई सांडल्यासारखा डाग पसरतोय, असं असतं तर प्रश्नच नव्हता, ते पॅनलच. तुमचं तसं नाही. कोन बदलला की लक्षण बदलतं, म्हणजे पहिला संशय डिस्प्ले केबलवर घ्यायचा. ती चित्र आणि वीज स्क्रीनपर्यंत नेते, बिजागरीतून जाते आणि प्रत्येक उघडझापीला वाकते. आतल्या केसासारख्या तारा एकेक करून तुटतात किंवा सॉकेटमधलं टोक सैल होतं. केबल पॅनलपेक्षा बरीच स्वस्त असते, पण ती बदलायला बहुतेक वेळा बिजागरीपर्यंत सगळं सोडवावं लागतं. दुकानात पॅनलचं नाव आधी निघतं त्यामागे हेही एक कारण असावं, असं मला वाटतं.

स्क्रीन काळी असताना खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून काचेवर मारा. आयकॉन, खिडक्या अंधूक दिसल्या तर चित्र पोहोचतंय, फक्त मागचा उजेड बंद आहे. काहीच दिसलं नाही तर चित्रच पोहोचत नाहीये. (ओएलईडी स्क्रीनला मागचा दिवा नसतो, तिथे ही चाचणी चालत नाही.) पुढे कधी रेषा दिसू लागल्या तर स्क्रीनशॉट घेऊन मोबाइलवर बघा. स्क्रीनशॉट केबलच्या आधीच, मेमरीतून तयार होतो. त्यात रेषा नसतील तर दोष केबलमध्ये किंवा पॅनलमध्ये, असतील तर ग्राफिक्सकडे, म्हणजे चित्र तयार करणाऱ्या भागाकडे बघायचं.

हे मी काहीच केलं नव्हतं. सरळ पॅनल मागवलं. लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला आणि एवढं पुरे, असं धरून चालले. कडेची चौकट सोडवली, जुनं पॅनल कीबोर्डवर पालथं घातलं, केबल ओढून काढली, नव्याला लावली. जरा तिरकी बसली म्हणून काढून पुन्हा लावली. चालू केलं तर पंखा फिरतोय, कॅप्स लॉकचा दिवा लागतोय, स्क्रीन मात्र काळी, आणि आता कुठल्याच कोनात उजेड नाही. नवं पॅनलच खराब आलं असं मी ठरवलं, भांडून परत केलं, दुसरं मागवलं. तेही काळं. दरम्यान जुनं पॅनल भंगारात गेलं होतं.

झालं असं होतं, की लॅपटॉप बंद असला तरी आतली बॅटरी जोडलेली असेल तर बोर्डाच्या (मदरबोर्डच्या, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटच्या) काही भागांत वीज असतेच. मागच्या दिव्याला (बॅकलाइटला) जाणारा विजेचा दाब पॅनलच्या ३.३ व्होल्टपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि सॉकेटमधल्या पिना एकमेकींपासून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर. केबल तिरकी गेली, भलत्या पिना एकमेकींना टेकल्या आणि बोर्डावरचा बॅकलाइटचा फ्यूज उडाला. मोहरीएवढा भाग.

त्यानंतर एका सेवा केंद्रात गेले. दहा मिनिटांत निकाल मिळाला, मदरबोर्ड गेला, पूर्ण बदला. खर्च जवळजवळ नव्या लॅपटॉपएवढा. कुठला भाग गेलाय, कसं तपासलंत, असं विचारलं तर उत्तर नाही. टॉर्चसुद्धा मारला नव्हता. याचा राग मला अजून येतो, कारण मी तेव्हा तो लॅपटॉप टाकून देणार होते. शेवटी बोर्डावर सोल्डरिंग करणाऱ्या एका कारागिराने माझ्यासमोर टॉर्च मारून अंधूक चित्र दाखवलं, मीटर लावून फ्यूज शोधला आणि बदलला. त्यानेच बिजागरीतली चिरलेली केबल दाखवली. म्हणजे भंगारात गेलेलं पॅनल पहिल्यापासून चांगलं होतं.

म्हणून उघडायचंच असेल तर आधी खालचं झाकण काढा, बॅटरीचा जोड सोडवा, मग पॉवरचं बटण वीसेक सेकंद दाबून धरा, आणि त्यानंतरच डिस्प्ले केबल. बऱ्याच थिंकपॅड लॅपटॉपमध्ये आतली बॅटरी बंद करायचा पर्याय बायोसमध्येच (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) असतो, तो आधी वापरा. केबलवरची चिकटपट्टी आणि कडी असेल तर आधी उचला, टोक सरळ रेषेत सरकवा, तारांना धरून ओढू नका. बॅटरीपर्यंत जायची हिंमत होत नसेल तर काम कारागिराला द्या, त्यात कमीपणा नाही. फक्त तो तुमच्यासमोर टॉर्च मारतो का आणि केबल तपासतो का, ते बघा.

पॅनल घ्यावंच लागलं तर लॅपटॉपच्या नावावरून मागवू नका, पॅनलच्या पाठीवरच्या लेबलवरचा नंबर जुळवा. त्यातले १५६ किंवा १४० हे आकडे सहसा १५.६ किंवा १४ इंच सांगतात, पण ३० पिनांचं की ४० पिनांचं, हेही बघावं लागतं. एकाच मॉडेलमध्ये दोन्ही प्रकार येतात.

सोमवारी प्रकल्प द्यायचाय म्हणालात. मग आज उघडूच नका. बाहेरच्या मॉनिटरवर काम पूर्ण करा, फाइल्सची प्रत काढा, झाकण जिथे उजेड देतं तिथून हलवू नका. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बोर्डाला हात लागला तर ती मागितली जाऊ शकते. टॉर्च मारल्यावर काय दिसलं ते इथे लिहा, मग केबलचं बघू.