गेम कंपनीवर केस करायची आहे? आधी एवढं कर

हो, गेम कंपनीविरुद्ध ग्राहक म्हणून दाद मागता येते, आणि वकील लागतोच असं नाही. पण गेम कंटाळवाणा निघाला, शेवट आवडला नाही, एवढ्यावर केस उभी राहत नाही. जाहिरातीत दाखवलेलं गेममध्ये नाही, पैसे कापले पण वस्तू मिळाली नाही, गेम सुरूच होत नाही, अशी ठोस त्रुटी हवी. नवी मंडळी नेमकी इथेच चुकतात: चार पानं संताप लिहितात आणि पावतीच जोडत नाहीत.

- बिल, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, जाहिरातीचे आणि एररचे स्क्रीनशॉट आजच तारखेसह जपून ठेव. एका अपडेटनंतर पुरावा गायब होऊ शकतो.
- आधी रिफंड माग. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असशील तर तो मिळतो. ‘पुढे सुधारेल’ म्हणत खेळत राहिलास की ही संधी जाते.
- नकार आला तर कंपनीला लेखी तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

तरीही हाती काही लागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तू राहतोस तिथेच तक्रार करता येते. मुंबई उपनगरात असशील तर वांद्रे पूर्वेला, किंवा घरबसल्या ऑनलाइन. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, तक्रार करायची मुदत २ वर्षांची. भारतात ऑफिस नसलेल्या कंपनीकडून वसुली अवघड असते, म्हणून ज्या दुकानातून गेम घेतलास त्यालाही प्रतिवादी कर. गेम घेताना मान्य केलेल्या करारातल्या लवादाच्या (वाद कोर्टाबाहेर पंचाकडे नेण्याच्या) कलमांना आत्ताच घाबरू नकोस.